दहावीचा इतिहास : जुने पेपर नुसते सोडवू नका, तपासायलाही शिका

डिसेंबर संपला की घराघरात जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे दिसायला लागतात. कोणी झेरॉक्स काढून आणतं, कोणी मोबाईलवर पीडीएफ साठवतं, आणि मग गणिताचे पेपर सोडवले जातात, सायन्सचे सोडवले जातात, इतिहासाचे मात्र नुसते वाचले जातात. "हा प्रश्न येतो मला, हाही येतो" असं म्हणत पानं उलटायची आणि ठेवून द्यायचं. मी गेली काही वर्षं संध्याकाळी घरी दहावीच्या मुलांचा इतिहास घेते, आणि दरवर्षी हेच बघते, की ज्याला वाचून सगळं येतं त्यालाच चाळीसपैकी पंचवीस पडतात आणि का पडले ते त्याला कळतच नाही.

म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. महाराष्ट्र बोर्डाचा दहावीचा इतिहास व राज्यशास्त्र हा पेपर डोळ्यासमोर आहे, मराठी माध्यम आणि सेमी दोन्हीसाठी, कारण सेमीवाल्यांनाही इतिहास मराठीतूनच लिहायचा असतो.

आधी पेपरची मांडणी पाठ हवी

४० गुण, दोन तास. त्यातले २८ गुण इतिहासाचे आणि १२ राज्यशास्त्राचे. पहिला प्रश्न पर्याय निवडा ३ आणि चुकीची जोडी ३, दुसऱ्यात संकल्पनाचित्र किंवा तक्ता वगैरे ४ आणि टिपा ४, तिसरा सकारण स्पष्ट करा ४, चौथा उतारा ४, पाचवा सविस्तर उत्तरं ६. इथे इतिहास संपतो. मग सहावा राज्यशास्त्राचे पर्याय २, सातवा चूक की बरोबर सकारण ४, आठव्यात संकल्पना २ आणि कृती २, नववा थोडक्यात उत्तर २.

हे एका कागदावर लिहून अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवा. जो तो "इतिहास" म्हणून अभ्यास करतो आणि राज्यशास्त्राचे १२ गुण शेवटच्या दोन दिवसांवर ढकलतो, पण १२ म्हणजे पेपरचा जवळपास तिसरा भाग झाला, आणि राज्यशास्त्राचे धडे फक्त पाच आहेत, इतिहासाचे नऊ. एवढ्या थोड्या धड्यांतले १२ गुण शेवटावर ढकलण्यासारखे नाहीत.

कोणते पेपर घ्यायचे

आत्ताचं पुस्तक २०१८ साली आलं, त्यामुळे त्याआधीचे पेपर बाजूला ठेवा, त्यातले धडेच वेगळे होते. मी मुलांना २०२० पासूनचे पेपर देते. २०२१ साली कोरोनामुळे बोर्डाची परीक्षाच झाली नाही, तेव्हा त्या वर्षाचा पेपर शोधत बसू नका. २०२२ ची परीक्षा २५ टक्के कमी केलेल्या अभ्यासक्रमावर झाली, म्हणून तो पेपर सोडवायला घ्या पण "अमुक धड्यावर काहीच आलं नाही" असा अर्थ त्यातून काढू नका, तो भाग तेव्हा वगळलेलाच असू शकतो. मार्चच्या पेपरसोबत जुलैच्या पुरवणी परीक्षेचेही पेपर घ्या. ते कमी मुलं बघतात, आणि प्रश्न तितकेच चांगले असतात. शिवाय आपल्या शाळेच्या पूर्वपरीक्षेचा पेपर आणि मिळाला तर शेजारच्या दोन शाळांचा. एवढं मिळून आठ-दहा पेपर होतात, आणि ते पुरतात. वीस पेपर गोळा करून चार सोडवण्यापेक्षा आठ गोळा करून आठही नीट तपासलेले कधीही चांगले.

उत्तरांसकट पेपर मिळाला तर उत्तरांची पानं आधी काढून आईकडे द्या. खरंच द्या. समोर असली की हात जातोच.

पुस्तक हाताशी हवं. नसेल तर बालभारतीच्या साईटवर पीडीएफ फुकट मिळतं, पण मी तरी छापील पुस्तकच घ्या म्हणेन कारण पुढची सगळी पद्धत पुस्तकात पेन्सिलीने लिहिण्यावर आहे.

पहिले दोन पेपर पुस्तक उघडून

पहिल्या दोन पेपरना घड्याळ नको, पाठांतर नको. पेपर एका बाजूला आणि पुस्तक दुसऱ्या बाजूला ठेवायचं आणि एकेक प्रश्न घेऊन त्याचं उत्तर पुस्तकात नेमकं कुठे आहे ते शोधायचं. सापडलं की त्या परिच्छेदाच्या समासात पेन्सिलीने छोटंसं लिहायचं, "मार्च २३, टीप" किंवा "जुलै २४, जोडी". बास. याला दीडेक तास लागतो आणि सुरुवातीला कंटाळा येतो, पण पुढचे पेपरही तपासताना असेच पुस्तकात उतरवत गेलात, की पाच-सहा पेपरांनंतर पुस्तक बोलायला लागतं. एकाच परिच्छेदाशेजारी कधी टीप, कधी सकारण, कधी उतारा अशा तीन नोंदी दिसतात, आणि मग लक्षात येतं की बोर्डाला माहिती तीच हवी असते, विचारण्याची तऱ्हा फक्त बदलते.

दुसरी गोष्ट दिसते ती अशी, की धड्याच्या शेवटचा स्वाध्याय आणि बोर्डाचा पेपर यांचं नातं फार जवळचं आहे. अनेक प्रश्न शब्दशः तिथलेच असतात. मुलं स्वाध्याय सोडून गाईडमागे लागतात तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण जे हातात आहे तेच सोडून ती बाहेर शोधत असतात.

पण एक सावध करते. समासात नोंदी नाहीत म्हणून तो भाग सोडायचा नाही. "हे मागच्या वर्षी आलं म्हणजे यंदा येणार नाही" हा हिशोब मी भल्याभल्या मुलांना अडकवताना पाहिलाय. जुना पेपर हे भविष्य सांगायचं पंचांग नाही. तो तुम्हाला एवढंच सांगतो की तुमचं उत्तर कुठे तोकडं पडतंय.

एक गुणाच्या प्रश्नातून चार प्रश्न काढा

पर्यायांचा प्रश्न मुलं दहा सेकंदात टिक करून पुढे जातात. तिथे थांबा. समजा प्रश्न आहे, आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोणाला म्हणतात, आणि पर्याय आहेत व्हॉल्टेअर, रेने देकार्त, लिओपॉल्ड रांके, कार्ल मार्क्स. उत्तर व्हॉल्टेअर, ठीक आहे. आता उरलेल्या तिघांसाठी असा प्रश्न तयार करा की ज्याचं उत्तर तो असेल. देकार्त म्हणजे एखादी गोष्ट सत्य आहे हे निःसंशयपणे ठरत नाही तोवर ती स्वीकारायची नाही असं सांगणारा, रांके म्हणजे मूळ दस्तऐवजांवर भर देणारा, मार्क्स म्हणजे वर्गसंघर्षातून इतिहासाकडे बघणारा. एका गुणाच्या प्रश्नातून पहिल्या धड्याची अर्धी उजळणी झाली.

चुकीच्या जोडीचंही तसंच. पाचव्या धड्यातली ही जोडी बघा: दर्पण आणि बाळशास्त्री जांभेकर, प्रभाकर आणि आचार्य प्र. के. अत्रे, दीनबंधु आणि कृष्णराव भालेकर, केसरी आणि बाळ गंगाधर टिळक. चुकीची आहे प्रभाकर, ते भाऊ महाजनांचं. माझ्याकडची एक मुलगी इथे दरवेळी गडबडायची, कारण तिला अत्र्यांचं पत्र कोणतं तेच माहीत नव्हतं, म्हणून "असेल बुवा प्रभाकर" असं वाटायचं. मग आम्ही वहीत लिहून काढलं: अत्र्यांचं दैनिक 'मराठा', सुरू झालं १९५६ साली, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या काळात. आणि त्याच नावाचं टिळकांचं इंग्रजी साप्ताहिक १८८१ सालचं. दर्पण १८३२. ही चार ओळींची नोंद केल्यावर ती जोडी परत कधी चुकली नाही. म्हणजे चुकीच्या जोडीत नुसती चूक ओळखायची नाही, तो चुकीचा माणूस खरा कुठला हेही शोधायचं. आणि सूचनेत "दुरुस्त करून लिहा" असं असेल तर बरोबर जोडी पूर्ण लिहायची, नुसतं "ब चूक" लिहून पुढे जायचं नाही.

प्रश्नातलं क्रियापद वाचा

इथे सगळ्यात जास्त गुण जातात, म्हणून जरा लांबण लावते.

माझ्या भाच्याने गेल्या वर्षी "चित्रकथीसारख्या नामशेष होत जाणाऱ्या परंपरेचे पुनरुज्जीवन करण्याची गरज आहे" हे विधान सकारण स्पष्ट करायला घेतलं. त्याने लिहिलं: चित्रकथी ही कोकणातली जुनी कला आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या पिंगुळी गावातले ठाकर समाजाचे लोक ती जपतात. यात रामायण-महाभारतातल्या गोष्टी चित्रं दाखवून सांगतात. चित्रं कागदावर नैसर्गिक रंगांनी काढलेली असतात.

चारही वाक्यं बरोबर. पण मी त्याला दोनपैकी एकच गुण दिला. तो चिडला, "मावशी, सगळं पुस्तकातलंच आहे!" मी म्हटलं, पुस्तकातलंच आहे रे, पण ही टीप झाली. विधानात "गरज आहे" असं म्हटलंय, आणि गरज का आहे हे तुझ्या एकाही वाक्यात नाही. मग पुस्तक बघून त्याने पुन्हा लिहिलं:

चित्रकथीचा उल्लेख बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात येतो, म्हणजे ही परंपरा किती जुनी आहे ते कळतं. एक कथा सांगायला साधारण ३० ते ५० चित्रं लागतात आणि ती पिढ्यानपिढ्या जपावी लागतात, ती खराब झाली तर कथाही हरवते. आज पिंगुळीसारख्या मोजक्या ठिकाणीच ती टिकून आहे आणि करमणुकीची नवी साधनं आल्यामुळे प्रेक्षक कमी झालेत. म्हणून हा वारसा नष्ट होऊ नये यासाठी तिचं पुनरुज्जीवन करणं गरजेचं आहे.

माहिती याही वेळी पुस्तकातलीच, पण प्रत्येक वाक्य आता "म्हणून गरज आहे" कडे जातंय. दोनपैकी दोन.

तर प्रत्येक प्रकाराला काय हवं ते असं लक्षात ठेवा. टीप म्हणजे काय आहे, कुठे, केव्हा, वैशिष्ट्य काय. सकारण म्हणजे फक्त कारणं, आणि शेवटी विधानाशी गाठ बांधायची. संकल्पना म्हणजे आधी अर्थ एका वाक्यात आणि मग एखादं उदाहरण. सविस्तर उत्तराला तीन गुण असतात तेव्हा एकच मुद्दा ताणू नका, पाच-सहा वेगळे मुद्दे लिहा. दोन गुणांना तीन-चार मुद्दे पुरतात. हे माझं तपासतानाचं माप आहे आणि ते धरून चाललं की उत्तर ना तोकडं होतं ना लांबतं.

राज्यशास्त्रातल्या चूक की बरोबरला तर कारणाशिवाय अर्थच नाही. "माहितीच्या अधिकारामुळे शासकीय कारभारातील गोपनीयता वाढली" हे विधान चूक, हे सगळ्यांना येतं. पण पुढे काय लिहायचं? २००५ साली कायदा आला, नागरिकाला सरकारी कामाची माहिती मागता येऊ लागली, त्यामुळे गोपनीयता कमी होऊन कारभार जास्त पारदर्शक झाला, आणि शासनाला उत्तरदायी राहावं लागतं. या तीन गोष्टी आल्या की झालं. मुलं "कारण आता सगळं कळतं" एवढं लिहून थांबतात.

मग घड्याळ लावून

दोन पेपर पुस्तक उघडून झाले, प्रकार समजले, की तिसऱ्यापासून घड्याळ लावा. फोन दुसऱ्या खोलीत, रेघा असलेले सुटे कागद, निळा पेन, आणि शक्यतो सकाळी ११ वाजताच बसा कारण बोर्डाचा पेपर त्याच वेळेला असतो. ४० गुण आणि १२० मिनिटं म्हणजे गुणाला तीन मिनिटं, हा ढोबळ हिशोब. पण मी तो असा वाटून देते: पहिला प्रश्न ८ मिनिटं, संकल्पनाचित्र वगैरे १०, टिपा १४, सकारण १४, उतारा १२, सविस्तर २६, राज्यशास्त्राचे पर्याय २, चूक की बरोबर १४, आठवा प्रश्न १०, नववा ६. बेरीज ११६. चार मिनिटं हातात राहतात. गेल्या काही वर्षांत बोर्ड शेवटी दहा मिनिटं जास्त देतंय, पण घरी ती धरू नका.

पहिल्यांदा बहुतेकांचं काय होतं, तर टिपांमध्येच पंचवीस मिनिटं जातात, कारण टीप आवडीची आलेली असते. आणि मग राज्यशास्त्र वीस मिनिटांत उरकावं लागतं. म्हणून समासात प्रत्येक प्रश्न संपल्याची वेळ लिहा, ११:०८, ११:१८ अशी. पेपर झाल्यावर तो आकड्यांचा रकाना बघितला की वेळ कुठे गळाली ते लगेच दिसतं.

"कोणतेही दोन" असेल तर तिन्ही वाचा, कोणते दोन ते अर्ध्या मिनिटात ठरवा, आणि मग मन बदलू नका. अर्धी टीप खोडून दुसरी सुरू करण्याइतकं महाग काही नाही.

उताऱ्याच्या प्रश्नाबद्दल एवढंच, की आधी प्रश्न वाचा, मग उतारा. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं उताऱ्यातच असतात, ती पूर्ण वाक्यात लिहा. तिसरा दोन गुणांचा असतो आणि बऱ्याचदा तो तुमचं मत किंवा उताऱ्याबाहेरची धड्यातली माहिती मागतो, तिथे उताऱ्यातली वाक्यं तशीच उतरवून गुण मिळत नाहीत.

तपासणं, हाच खरा अभ्यास

पेपर लिहून झाला की त्याच दिवशी तपासू नका. रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी डोकं ताजं असताना पुस्तक उघडा, लाल पेन घ्या आणि दुसऱ्याच कोणाचा पेपर आहे असं समजून वाचा. जमलं तर मैत्रिणीशी पेपर बदला, एकमेकींचे तपासा. दुसऱ्याची चूक फार पटकन दिसते आणि मग तीच आपलीही आहे हे कळतं.

जिथे गुण गेला तिथे समासात तीनपैकी एक अक्षर लिहा. "न" म्हणजे मला हे माहीतच नव्हतं. "र" म्हणजे माहीत होतं पण लिहायचं राहिलं. "भ" म्हणजे भलतंच लिहिलं, विचारलं एक आणि उत्तर दुसरं. ही तीन अक्षरं मोजा. हे मी फार मनापासून सांगते कारण यावरच पुढचा आठवडा ठरतो. "न" जास्त असतील तर धडा परत वाचायला हवा, त्याला पेपर सोडवून काही होणार नाही. "र" जास्त असतील तर धडा वाचू नका, पुस्तक बंद करून मुद्दे आठवून लिहायचा सराव करा. आणि "भ" जास्त असतील तर अभ्यास पुरेसा आहे, फक्त प्रश्न वाचताना क्रियापदाखाली रेघ मारायची सवय लावा. माझ्या भाच्याच्या पहिल्या पेपरात सात "भ" होते आणि दोनच "न". तो बिचारा रोज धडे वाचत होता, आणि दुखणं वेगळंच होतं.

आईबाबा तपासणार असतील तर त्यांनी पुस्तकातल्या शब्दांचा हट्ट धरू नये. मुद्दा आला का, एवढंच बघावं. आणि गुण देताना हात आखडता नको आणि सैलही नको, अर्ध्या गुणाने मोजा.

चुकलेलं तेवढंच परत

आता एक वही करा. नवीन नको, अर्धी राहिलेली कुठलीही चालेल. प्रत्येक पेपरातले फक्त चुकलेले प्रश्न त्यात तारखेसकट लिहा, उत्तरं लिहू नका. तीन दिवसांनी ती वही उघडायची आणि ते प्रश्न पुस्तक न बघता सोडवायचे. बरोबर आला की त्यावर एक टिक. आठवड्याने परत, दुसरी टिक. दोन टिक झालेला प्रश्न सोडून द्या. जो प्रश्न तिसऱ्यांदाही अडतो, त्याचा धड्यातला परिच्छेद कोणालातरी मोठ्याने समजावून सांगा, धाकट्या भावाला, आजीला, कोणालाही. आजी मध्येच "म्हणजे काय गं?" असं विचारते ना, तिथेच आपल्याला काय कळलेलं नाही ते सापडतं.

संकल्पनाचित्रं आणि तक्त्यांसाठी सोपी युक्ती म्हणजे जुन्या पेपरातलं रिकामं चित्र पाच वेळा झेरॉक्स करून घ्या आणि दर दोन-तीन दिवसांनी आठवून भरा. भारतीय कलांच्या धड्याला आणि इतिहासलेखनाच्या दोन्ही धड्यांना हे फार उपयोगी पडतं, तिथे नावं खूप आहेत.

आठवड्याला किती पेपर? जानेवारीत एक, फेब्रुवारीत दोन. एक दिवस लिहायचा, एक दिवस तपासायचा, एक दिवस चुकलेलं भरून काढायचं, त्यामुळे दोनपेक्षा जास्त होतच नाहीत. कोणी रोज एक पेपर सोडवत असेल तर तो तपासत नाहीये असं समजा.

शेवटचे तीन दिवस नवीन पेपर अजिबात नको. समासात नोंदी केलेलं पुस्तक सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाळा आणि टिक न झालेली वही घ्या. आदल्या रात्री मोबाईलवर फिरणारे "यंदाचे अपेक्षित" वाचू नका, त्यातला एखादा प्रश्न येत नसला की उगाच पोटात गोळा येतो आणि येत असलेलंही विसरायला होतं.

पेपरच्या दिवशी शेवटची मिनिटं उत्तरं सुधारण्यात घालवू नका. प्रश्नक्रमांक आणि उपप्रश्नाचं अक्षर प्रत्येक उत्तरासमोर आहे का ते बघा, "कोणतेही दोन" मध्ये दोन खरंच झालेत का ते मोजा, आणि पुरवणी घेतली असेल तर ती नीट बांधली आहे ना ते बघून मगच पेपर द्या.